दोन इंच खाली, चार इंच लांब

संध्या हिवराळेची उंची चार फूट साडेदहा इंच. कंपनीच्या मेडिकल तपासणीला आम्ही दोघी एकाच दिवशी रांगेत होतो, म्हणून मला हे नेमकं माहीत आहे. मोजणाऱ्या माणसानं "चार दहा" असं लिहिलं, तर तिनं त्याला परत मोजायला लावलं. "अर्धा इंच राहिला तुमचा," ती म्हणाली. तो हसला आणि अर्धा इंच लिहून मोकळा झाला. संध्या हसली नाही. मोजमापाच्या बाबतीत ती कधीच हसायची नाही.

वाळूजच्या आमच्या कंपनीत शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे रॉड बनत. आम्ही दोघी क्वालिटीत. रॉड हातात घ्यायचा, गेज लावायचं, मायक्रोनचा फरक बघायचा, की पास किंवा रिजेक्ट. संध्याच्या टेबलावर रिजेक्ट जास्त निघत. सुपरवायझर वैतागून म्हणायचा, "अहो, गाडीला लागणारे रॉड आहेत हे, घड्याळाला नाहीत." ती रॉड त्याच्याच हातात ठेवायची. "मग पासवर तुम्ही सही करा." त्यानं कधी केली नाही.

मी समर्थनगरात राहायची, ती मुकुंदवाडीत. तिचे वडील कडुबाकाका गवंडी. चिकलठाण्याच्या बाजूला वीस वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या कितीतरी भिंती त्यांच्या हातच्या. आई मनकर्णाबाई अंगणवाडीत मदतनीस. संध्या एकुलती एक, डिप्लोमा झालेली. घरात तिला कुणी "हे करू नको" म्हणत नसे. म्हणणारे सगळे घराबाहेरचे होते.

ही गोष्ट २०१५-१६ ची. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. त्या वर्षी पाऊस चार दिवस तोंड दाखवून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासला नव्या कॉलन्या, वाळूजला नव्या कॉलन्या, आणि प्रत्येक नव्या कॉलनीजवळ आमच्या कंपनीच्या बसचा एक नवा थांबा. पन्नास मिनिटांचा प्रवास दीड तासावर गेला. सातच्या शिफ्टसाठी संध्याला साडेपाचला कोपऱ्यावर उभं राहावं लागे.

"बसमधी म्हातारी होईन मी," ती एकदा म्हणाली. "नीरजा, मी गाडी घेती."

मला वाटलं, स्कूटी. आमच्या डिझाइनमधला सुयश पुण्याला निघाला होता. त्याची लाल स्पोर्ट्स बाइक तिनं घेतली. अडीचशे सीसीची, पुढं झुकून चालवायची, मागची सीट टेकाडासारखी वर गेलेली. कॉलेजात असल्यापासून तिला तसलीच हवी होती, हे मला त्या दिवशी कळलं.

अडचण एकच होती. सीट जमिनीपासून एकतीस इंच वर, आणि संध्याचे पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते. एका बाजूला पुरती सरकली तर डाव्या पायाचा अंगठा कसाबसा टेकायचा.

गाडी चालू असताना ती उत्तम चालवायची. थांबली की घोटाळा. तिसऱ्याच दिवशी क्रांती चौकाच्या सिग्नलला तिनं पाय टाकला तो नेमका रस्त्याच्या उताराच्या बाजूला. पाय हवेतच राहिला आणि गाडी तिला घेऊन आडवी झाली. मागून हॉर्न सुरू. दोन-तीन जणांनी गाडी उचलून दिली, त्यातला एक भला माणूस समजावून सांगायला लागला, "मॅडम, तुमच्यासारख्यांनी स्कूटी घ्यावी."

"तुमच्यासारख्यांनी म्हंजी कुणी?" संध्यानं विचारलं.

तो म्हणाला, "लेडीजनी."

त्या दिवशी तिच्या टेबलावरचं रिजेक्शन दुप्पट झालं.

स्टेशनकडून वाळूजला जाताना एक गॅरेज लागायचं. पुढं कायम चार-पाच स्पोर्ट्स बाइक उभ्या, सगळ्या जमिनीला पोट टेकलेल्या आणि मागून लांबच लांब. गॅरेजवाल्याचं नाव सांडू. चाळिशीतला, बोलायला गोड, आणि वेल्डिंगला हात इतका साफ की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये. त्यानं संध्याला गाडीवर बसवलं, तिच्या टाचा आणि जमीन यांमधली फट बघितली आणि म्हणाला, "ताई, टेन्शनच नको. मागून दोन इंच खाली बसवून देतो. शॉकअपच्या खालच्या लिंकच्या पट्ट्या बदलायच्या, बस."

"आणखी काही बदलावं लागंल?"

"एक आहे. बॉडी खाली आली की मागचं चाक खड्ड्यात सीटच्या पोटाला घासणार. त्याच्यासाठी स्विंगआर्म चार इंच लांब करून देतो." स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा लोखंडी दांडा, तो त्यानं बोटानं दाखवला. "चाक मागं सरकलं की घासायचा विषयच संपला. अन् गाडी दिसते कशी बघा. ती निळी बघा."

निळी खरंच सुंदर दिसत होती. संध्यानं पट्ट्यांचं माप विचारलं, वेल्डिंगची खात्री विचारली, बोल्ट कुठल्या दर्जाचे तेही विचारलं. लांब केलेली गाडी वळते कशी, एवढं मात्र विचारलं नाही. पुढं वर्षभर ती स्वतःवर चिडायची ती याच एका गोष्टीवरून.

पहिले आठ दिवस ती हवेत होती. सिग्नलला दोन्ही पाय टेकायचे, आणि उगाच गाडी इकडून तिकडे हलवून ती ते बघायची. जालना रोडवर सरळ जाताना गाडी रुळावर ठेवल्यासारखी चालायची. "हलत बी नाय," ती सांगायची. "हात सोडला तरी जाईल."

नवव्या दिवशी ती लंच टाइमला माझ्याजवळ येऊन बसली, डबा न उघडता.

"नगर नाक्याच्या वळणाला गाडी वळंना."

"म्हणजे?"

"म्हंजी मी वाकवती अन् ती उभीच राहू बघती. जोर लावून दाबली तर येती, पण उशिरा. तवर मी पलीकडच्या लेनमधी. आज एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला. बरोबरच होतं त्याचं."

तिथून तिच्या वैतागाला सुरुवात झाली, आणि तो थांबायचं नावच घेईना.

यू-टर्न घ्यायला आधी जेवढा रस्ता लागायचा, त्यात आता भागेना. अर्ध्यात थांबून पायानं मागं ढकलायचं आणि पुन्हा वळवायचं. स्पीडब्रेकर आला की गाडीचं पोट घासायचं. त्या दोन-तीन वर्षांत जिकडंतिकडं स्पीडब्रेकर उगवले होते, कुणी डांबराचे केलेले तर कुणी विटा टाकून वर माती थापलेले. त्यात पाइपलाइनसाठी रस्ते खणून पुन्हा उंचवटे करून बुजवलेले. मुकुंदवाडी ते वाळूज एकवीस स्पीडब्रेकर. तिनं मोजले होते. त्यातल्या चौदांवर गाडी घासायची.

शिवाय मागचा शॉकअप. लहानशा खड्ड्यातही तो तळाला जाऊन धाडकन आपटायचा आणि तिच्या कमरेत कळ जायची.

मग स्टँड. गाडी दोन इंच खाली आली, साइड स्टँड मात्र होता तेवढाच लांब. त्यामुळे गाडी झुकून उभी राहण्याऐवजी जवळजवळ सरळ उभी राहायची. कंपनीच्या पार्किंगमध्ये एका दुपारी वावटळ आली, दुष्काळात अशा वावटळी रोजच्याच, आणि संध्याची गाडी उजवीकडे कलली. शेजारची तिच्या धक्क्यानं, तिसरी दुसरीच्या. चौथी एचआर मॅनेजरची, नवीकोरी.

"मॅडम, पार्किंगच्या शेवटाला लावत जा," मॅनेजर म्हणाले. "एकटीच."

ती सांडूकडं गेली. त्यानं स्टँड कापून दिला. जरा जास्तच कापला. आता गाडी डावीकडं इतकी झुकायची की ती सरळ करायला संध्याला अंगातलं सगळं बळ लावावं लागे.

पुन्हा सांडू. शॉकअप आपटतो म्हटल्यावर त्यानं स्प्रिंग आवळली. आपटणं थोडं कमी झालं, पण सीट पाऊण इंच वर गेली आणि टाचा पुन्हा हवेत. वळत नाही म्हटल्यावर त्यानं पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, क्लॅम्पमधून वर सरकवले, पुढूनही गाडी खाली घेतली. वळायला किंचित बरी झाली, पण आता चौदाऐवजी एकवीसच्या एकवीस स्पीडब्रेकर घासायला लागले, आणि जोरात ब्रेक मारला की पुढचा मडगार्ड वर आदळायचा.

"फोर्क होते तसे करा," संध्या म्हणाली.

सांडूनं पाना खाली ठेवला. "ताई, रागवू नका, पण तुम्हाला पाय टेकवायचेत का खड्ड्यातून आरामात जायचंय? एक काय ते सांगा. दोन्ही नाही होत."

"हे तुम्ही आधी का नाय सांगितलं?"

"तुम्ही आधी पायाचंच बोलल्या."

त्याचं खरं होतं, आणि याचाच तिला आणखी संताप आला. त्या संतापात ती माझ्यावर, सुपरवायझरवर, कॅन्टीनच्या चहावर, सगळ्यांवर ओरडायची. घरीही तेच चाललं होतं. पाण्याअभावी बांधकामं बंद पडली होती. कडुबाकाका दोन महिने घरी बसून होते. आयुष्यात कधी दुपारी घरी न बसलेला माणूस, तो दिवसभर कडी लाव, कडी काढ, असं करत बसायचा. बापलेक एकमेकांशी नीट बोलेनात.

एप्रिलमधली गोष्ट. ऊन बेचाळीसच्या वर. त्या दिवशी एका लॉटची मोजणी लांबली आणि माझी बस सुटली. संध्या म्हणाली, "चल, सोडती तुला." तिच्या गाडीवर मी आधी कधी बसले नव्हते. सीट लहानशी, पाय दुमडलेले. मी बसल्याबरोबर गाडी मागून बसकण मारल्यासारखी खाली गेली, हे मला जाणवलं. बोलले मात्र नाही.

शहराच्या अलीकडे एका वळणावर टँकर भरायची जागा होती. तीन टँकर रांगेत उभे, आणि भरणाऱ्याच्या पाइपातून गळणारं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहत होतं. बायका कळश्या आणि प्लास्टिकचे कॅन घेऊन त्या गळतीपाशी बसल्या होत्या. सगळ्या शहराला पाणी नाही, आणि त्या वळणावर रस्ता ओला.

संध्या सावकाश होती. चाळीसच्या आत. तिनं गाडी वाकवली. गाडी आली नाही. माझ्या वजनानं मागची बाजू आणखी दबलेली, पुढचं चाक हलकं, आणि आम्ही सरळ पलीकडच्या टँकरच्या दिशेनं. "ये ना गं," ती गाडीला म्हणाल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. तिनं आणखी जोर देऊन वाकवली. खालून लोखंड रस्त्यावर घासल्याचा कर्रकन आवाज आला, मागचं चाक उचललं गेलं, आणि पुढच्या क्षणी आम्ही दोघी ओल्या डांबरावरून घसरत होतो.

टँकर चार हातांवर राहिला.

माझा डावा हात मनगटात मोडला. संध्याचं कोपर सोललं, हनुवटी फुटली. रांगेतली एक म्हातारी आपली कळशी तिथंच सोडून धावत आली. मागं वळून तिनं शेजारणीला बजावलं, "माझा नंबर धर गं." मग तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. अर्ध्या भरलेल्या कळशीतलं पाणी आणून तिनं माझ्या तोंडावर मारलं तेव्हा मला रडू कोसळलं. हातापेक्षा त्या पाण्यानंच.

घरी आईनं संध्याचं नाव काढायलासुद्धा बंदी केली. चौथ्या दिवशी संध्या आलीच. हनुवटीला टाके. आई दार अडवून उभी होती. ती आईला म्हणाली, "काकू, तुम्ही रागवा, तुमचा हक्क हाय. मला दोन मिन्टं आत येऊ द्या." आई बाजूला झाली.

ती खुर्चीवर न बसता उभीच राहिली. "तुझा हात माझ्यामुळं मोडला. ते मला मान्य हाय. पण का मोडला ते मला कळालं पाहिजे. पाणी होतं म्हणून, असं लोक म्हणत्यात. पाणी नव्हतं तवाबी ती वळत नव्हती."

"मग विक ना आता ती," मी म्हणाले.

"कुणाला विकू? अजून कुणाचा हात मोडाया?"

त्याच्या पुढच्या रविवारी मी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मुकुंदवाडीला गेले. पाहते तर अंगणात दोन लाल गाड्या. एक संध्याची, खरचटलेली. दुसरी तशीच, पण शोरूममधून आली तशी. आमच्या पेंट शॉपमधल्या रामकिसनची. त्याच्याकडून ती अर्ध्या दिवसासाठी मागून आणलेली. दोन्ही गाड्या विटांच्या आधारानं सरळ उभ्या केलेल्या, आणि त्यांच्या मधे कडुबाकाका. हातात ओळंबा. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काम दिसत होतं.

"ये बेटा, सावलीत बस," ते म्हणाले. "हिला लई समजावलं का गाडी म्हंजी भिंत नाय. पण भिंत नसली तरी ओळंबा तर लागतोच ना."

त्यांनी पुढच्या चाकाच्या आसातून ओळंबा सोडला आणि जमिनीवर गेरूची खूण केली. चाक जमिनीला टेकतं ती जागा ती. मग हँडल ज्या खांबावर फिरतं त्या खांबाच्या तिरप्या रेषेत दोरी ताणून ती जमिनीपर्यंत आणली. तिथं दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर संध्यानं स्टीलच्या पट्टीनं मोजलं. रामकिसनच्या गाडीचं पंच्याण्णव मिलिमीटर. तिच्या गाडीचं, फोर्क पहिल्यासारखे करून, एकशे सात. दोरीचं माप, दोन मिलिमीटर इकडंतिकडं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

संध्या जमिनीवरच बसली. "हे अंतर जितकं जास्त, तितकं चाक सरळ राहू बघतं. मागून खाली घेतली की गाडी मागं कलती, पुढचा खांब आडवा होतो, अन् हे अंतर वाढतं. म्हणून जालना रोडला झकास अन् नगर नाक्याला मुडदा." तिनं दोन चाकांमधलं अंतर मोजलं. "त्यात हे शंभर मिलिमीटर वाढलं. लांब गाडीला वळाया जागा जास्त लागती, एवढं तर बैलगाडीवाल्याला बी कळतं. मला नाय कळलं."

"अन् आपटतीय का, ते?" काकांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, पण सांगायची उत्सुकता लपेना. कोपऱ्यातली पहार उचलून त्यांनी तिचं टोक दगडाखाली घातलं. "पहार लांब असली का थोड्या जोरात दगड उचलतो. तुझं चाक आता लांब पहारीच्या टोकाला बसलंय. स्प्रिंग तेवढीच, पण खड्ड्याचा जोर तिच्यावर जास्त चालतो. म्हणून ती लगीच दबती."

संध्यानं त्या गेरूच्या दोन्ही खुणांवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "मी रोज धा मायक्रोनसाठी माल परत पाठवती, बाबा. अन् इथं बारा मिलिमीटर." आणि तिनं पट्टी अंगणात भिरकावून दिली. काकांनी ती उचलून आणली, पुसली आणि तिच्याजवळ ठेवली.

मापांचा कागद घेऊन ती सांडूकडं गेली. मीही सोबत होते. सांडूनं कागद नीट वाचला. माझ्या हाताकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण त्याचाही आवाज चढलाच.

"ताई, सात वर्षं झाली मला हे काम करून. पोरं येतात, म्हणतात लांब करा, खाली करा. एकानं विचारलं नाही का वळंल कशी. गाडी पानटपरीपुढं उभी करायची अन् फोटो काढायचे त्यांना. तुम्ही पहिल्या, जी हिच्यावर रोज चाळीस किलोमीटर जाते."

"मग मला सांगायचं होतं ना."

"मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "वेल्डिंग मला येतं. हे," त्यानं कागद हलवला, "हे मला कुणी शिकवलंच नाही."

जुन्या पट्ट्या त्याच्याकडं डब्यात होत्या. पण स्विंगआर्म तिचा मूळचाच कापून लांब केलेला. तो परत आखूड करणं धोक्याचं, हे सांडू स्वतःच म्हणाला. नवा मागवला तर तीन महिने, तोही मिळाला तर. संध्यानं भंगारवाल्यांच्या चकरा सुरू केल्या. कुठं दुसऱ्या मॉडेलचा, कुठं वाकलेला. जालन्यात एक चांगला दिसला, तर तिनं पट्टी लावली आणि तीन मिलिमीटरचा पीळ निघाला. भंगारवाला म्हणाला, "बाई, एवढं कोण बघतं?" तिनं पट्टी पिशवीत टाकली आणि निघून आली. दीड महिना ती पुन्हा साडेपाचच्या बसला उभी राहिली.

शेवटी सांडूलाच सापडला, एका अपघातात पुढून चेंदामेंदा झालेल्या गाडीचा. मागचा भाग शाबूत. त्यानं तो आपणहून आणला, बसवला, पट्ट्या जुन्या लावल्या, स्टँडही बदलला. गाडी मूळच्या उंचीला आली. म्हणजे संध्या होती तिथंच आली. पाय हवेत.

"आता?" मी विचारलं.

"आता गाडी नाय बदलायची," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात आनंद बिलकुल नव्हता. "आता मीच बदलायचं. दर वेळी मीच."

सीटवाल्याकडून तिनं सीटच्या दोन्ही कडा तासून घेतल्या, म्हणजे मांड्या जवळ येतील आणि पाय सरळ खाली जाईल. बुटांना जाड सोल लावून घेतला. त्यानं डावा चवडा टेकायला लागला. बाकीचं शिकावं लागलं. अर्धवट थांबलेल्या एका बांधकामाच्या आवारात काका तिला संध्याकाळी न्यायचे. थांबायच्या आधीच कंबर डावीकडं सरकवायची, उजवा पाय ब्रेकवर, हँडल सरळ, आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते थांबण्याआधी बघायचं. काका मागं धावायचे, गाडी कलली की धरायचे. साठीच्या जवळचा माणूस धापा टाकत म्हणायचा, "परत." ती चिडून म्हणायची, "व्हय, परत." पहिल्या आठवड्यात ती अकरा वेळा पडली. दुसऱ्या आठवड्यात चार वेळा. जूनच्या शेवटी ती क्रांती चौकात सगळ्या गर्दीत एका चवड्यावर उभी राहिली, सिग्नल सुटेपर्यंत, आणि पुढं नगर नाक्याच्या वळणाला गाडी नुसत्या नजरेनं वळली. हे तिनं मला फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "एवढीशी गोष्ट होती. सात महिनं गेले."

जुलैत पाऊस पडला, बांधकामं सुरू झाली, काका कामावर गेले. आणि ऑगस्टमध्ये कंपनीनं क्वालिटीचा अर्धा विभाग चिकलठाण्याच्या नव्या जागेत हलवला. यादीत संध्याचं नाव होतं. घरापासून चार किलोमीटर, नाकासमोर सरळ रस्ता. ऑर्डर वाचून तिनं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "एक वळण नाय," ती म्हणाली. "एक बी नाय." मला हसू आलं. तिला नाही.

आता ती रविवारी सकाळी दौलताबादच्या पुढच्या घाटात जाते, फक्त वळणांसाठी. मला दर वेळी विचारते, मी दर वेळी नाही म्हणते. ती आग्रह करत नाही.

सांडू अजूनही गाड्या लांब करतो. पण कुणी बुटका माणूस किंवा मुलगी पाय टेकत नाहीत म्हणून आली की तो आधी विचारतो, चालवता कुठं? रोज चालवणारी असली तर म्हणतो, "आधी चिकलठाण्याच्या हिवराळे मॅडमला भेटा." गेल्या महिन्यात एक मुलगी अशीच संध्याच्या घरी आली, कॉलेजातली, संध्याहून बोटभर उंच. मी तिथंच होते. संध्यानं तिला तासभर सगळं सांगितलं. जमिनीवर खडूनं रेषा काढून दाखवल्या, आपल्या गाडीवर बसवलं, कंबर कशी सरकवायची ते दाखवलं. मुलीनं मन लावून ऐकलं, मान डोलावली, दोनदा थँक्यू म्हणाली.

निघताना म्हणाली, "पण मॅडम, दिसायला लांबच भारी दिसते ना?"

संध्यानं एकदा जमिनीवरच्या खडूच्या रेषांकडं पाहिलं. मग खडू माझ्या हातात देऊन म्हणाली, "नीरजा, तू सांग हिला. मी चहा ठेवती."